अर्ध्या दिवसात तासगाव–पलूस : द्राक्षबाग, वाइन, जेवण आणि इतिहास एकाच फेरीत बसवता येईल का?

विश्रामबागकर यांचा प्रश्न :

नमस्कार. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात माझा मावसभाऊ आणि वहिनी पुण्याहून आमच्याकडे सांगलीला दोन दिवसांसाठी येत आहेत. गेल्या वर्षी त्या दोघांनी नाशिककडच्या वायनरी पाहिल्या, तेव्हापासून त्यांना या विषयाची गोडी लागली आहे, आणि "तुमच्या सांगलीला इतकी द्राक्षे होतात, मग तिकडे असे काही पाहण्यासारखे नाही का?" असा प्रश्न वहिनींनी दोनदा विचारला. मला नीट उत्तर देता आले नाही याची खंत वाटते, कारण माझे सारे आयुष्य याच जिल्ह्यात गेले आहे.

आमच्याकडे वेळ फक्त अर्ध्या दिवसाचा आहे. सकाळी सातला निघून दुपारी दोन-अडीचपर्यंत सांगलीत परत यावे लागेल, कारण त्यांची परतीची गाडी संध्याकाळची आहे. बरोबर माझ्या सासूबाई असतील. त्यांचे वय चौऱ्याहत्तर आहे, गुडघे दुखतात, त्यामुळे डोंगर किंवा पुष्कळ पायऱ्या जमणार नाहीत. मात्र त्यांना औदुंबरला दत्तदर्शन घ्यायचे आहे आणि ते मी टाळू इच्छित नाही. वाइन चाखणे आणि देवदर्शन एकाच दिवशी ठेवावे की नाही, याबद्दलही माझ्या मनात थोडा संकोच आहे. पलूसच्या वाइन पार्कबद्दल, म्हणजे वाइन कारखान्यांसाठीच्या वसाहतीबद्दल, ऐकून आहे. या भागात राहणाऱ्यांनी, विशेषतः ज्यांची स्वतःची बाग आहे अशांनी, मार्ग, क्रम आणि जेवणाची सोय याबद्दल सांगितले तर फार उपकार होतील.

बागाईतदार यांचे उत्तर :

ताई, नमस्कार. आमची बाग तासगाव तालुक्यात आहे आणि तीन पिढ्या आम्ही द्राक्षावरच उभे आहोत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पाहुण्यांची अपेक्षा आधी नीट ठरवून घ्यावी. नाशिकला वायनरी हेच पर्यटनाचे ठिकाण झाले आहे. तिथे जेवणघर असते, मुक्काम असतो, चाखण्याची ठरलेली वेळ असते. आपल्याकडची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि औद्योगिक विकास महामंडळाने नाशिक जिल्ह्यात विंचूरला व आपल्याकडे पलूसला वाइन पार्क उभारले. त्या काळी आमच्या भागात मोठा उत्साह होता. खाण्याच्या द्राक्षाला बाजार पडला तर हात मोडतो, पण वाइनच्या द्राक्षाला कराराचा भाव मिळेल, या भरवशावर पुष्कळांनी लाल वाइनच्या शिराझ व कॅबर्ने आणि पांढऱ्या वाइनची शेनिन ब्लां या जाती लावल्या. माझ्या वडिलांनीही दीड एकर शिराझ लावली होती. पुढे २००८ ची जागतिक मंदी आली, त्याच वर्षी मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलांतील मागणी घसरली आणि कित्येक कारखाने थंडावले. ज्या कारखान्याशी आमचा करार होता त्याने एका हंगामात तयार माल उचलला नाही. वाइनचे द्राक्ष बारीक, जाड सालीचे आणि बियांचे असते. ते खाण्यासाठी पेठेत विकले जात नाही आणि बियांमुळे त्याचा चांगला बेदाणाही होत नाही. घड वेलीवर सुकताना वडिलांनी पाहिले आणि पुढच्या वर्षी ती बाग काढून टाकली. हे सांगण्याचा हेतू तक्रारीचा नाही. पाहुण्यांनी वाइनचा पेला हातात घेताना तिच्यामागचा हा हिशेबही ऐकावा असे मला मनापासून वाटते, आणि तो नाशिकपेक्षा पलूसला जास्त स्पष्ट दिसतो.

त्यामुळे पलूसला वायनरी पाहायची असेल तर आठवडाभर आधी दूरध्वनी करून वेळ ठरवल्याशिवाय जाऊ नये. टाक्या पाहू देतात का, चाखण्याची सोय आहे का आणि कोणत्या वारी, हे तीन प्रश्न आधीच विचारावेत. फेब्रुवारी हा गाळपाचा काळ असल्याने परवानगी मिळाली तर पाहण्यासारखे पुष्कळ असते. लाल वाइनमध्ये रस सालीसकट आंबवतात, कारण तिचा रंग आणि तुरटपणा सालीतून उतरतो. पांढऱ्या वाइनमध्ये घड आधी दाबून रस वेगळा काढतात आणि तो थंड ठेवलेल्या पोलादी टाकीत सावकाश आंबवतात. यीस्ट साखर खाते आणि तिचे मद्यार्क व कर्बवायू होतात. टाकीजवळ उभे राहिले की आंबलेल्या फळाचा जो वास येतो तो आंबवणाच्या भांड्यावरचे झाकण काढल्यासारखा असतो. तुमच्या सासूबाईंना तो ओळखीचा वाटेल.

मात्र मला विचाराल तर सांगलीची खरी ओळख वाइनपेक्षा बेदाण्यात आहे आणि सहलीचा सर्वांत जास्त वेळ बेदाण्याच्या शेडला द्यावा. 'सांगली बेदाणा' या नावाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तासगाव, सावळज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात पाऊस कमी, हिवाळा कोरडा आणि फेब्रुवारीपासूनचे वारे सुके, म्हणून इथे बेदाणा होतो. कोकणाच्या जवळच्या ओल्या हवेत तो होणार नाही. घड तोडून आणले की पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. त्यामुळे सालीवरचा मेणचट थर सैल होतो आणि आतले पाणी लवकर बाहेर पडते. मग एकावर एक रचलेल्या जाळीच्या रॅकवर घड पसरतात, वरून उन्हाची तिरीप लागू देत नाहीत आणि वारा मात्र आरपार खेळू देतात. साधारण दोन आठवड्यांत माल वाळतो आणि सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पिवळा रंग टिकवण्यासाठी गंधकाची धुरी देतात. एकाच रॅकवर खालून वर नजर फिरवली तर हिरवे, पोपटी, मधाळ आणि सोनेरी असे चार दिवसांचे चार रंग दिसतात, आणि हे दृश्य वर्षातून जेमतेम दोन-अडीच महिनेच असते. तुमचे पाहुणे नेमके त्याच दिवसांत येत आहेत.

बागेत नेताना आणखी एक दाखवावे. आमच्याकडे 'तास-ए-गणेश' ही जात सर्रास दिसते. ती थॉम्पसन सीडलेसमधून निवडलेली आहे आणि ती निवड तासगाव तालुक्यातल्या बोरगावला एका बागाईतदाराने केली. एखाद्या जातीच्या नावात आपल्या गावाचे नाव असावे, ही आमच्यासाठी मोठी गोष्ट आहे. वेलीची एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी होते. म्हणजे हातातल्या घडाची तयारी जवळजवळ वर्षभर चाललेली असते. एक विनंती, बागमालकाने सांगितल्याशिवाय घड तोडून तोंडात टाकू नये, कारण कोणत्या ओळीवर शेवटची फवारणी कधी झाली हे त्यालाच माहीत असते.

कुंडलकर यांचे उत्तर :

बागाईतदारांनी द्राक्षाची बाजू इतकी चांगली मांडली आहे की तिच्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. मी क्रमाबद्दल आणि इतिहासाबद्दल लिहितो.

आपला संकोच योग्य आहे आणि तो क्रम बदलून सहज सुटतो. देवदर्शन आधी आणि वायनरी शेवटी ठेवावी. सांगलीहून सातला निघालात तर पाऊण तासात तासगाव येते. तिथले गणपती मंदिर परशुरामभाऊ पटवर्धन यांनी अठराव्या शतकात बांधले. दक्षिणेच्या मोहिमांत त्यांनी जी गोपुरे पाहिली तसेच सात मजली गोपूर त्यांनी आपल्या जहागिरीच्या गावी उभे केले. मराठी मुलखात असे द्राविडी धाटणीचे गोपूर क्वचितच दिसते, म्हणून पाहुण्यांना गाभाऱ्यात नेण्याआधी दोन मिनिटे रस्त्यावरच उभे करून वर पाहायला सांगावे. इथल्या गणपतीची सोंड उजवी आहे आणि भाद्रपदात ऋषिपंचमीला निघणारा रथ भाविक दोरांनी ओढतात. मंदिर गावातच असल्याने आजींना त्रास होणार नाही. त्यानंतर बेदाण्याची शेड, तिथून भिलवडीमार्गे औदुंबर, आणि मग पलूस. अशा क्रमाने एकही रस्ता दुसऱ्यांदा तुडवावा लागत नाही.

औदुंबरला नृसिंह सरस्वतींनी एक चातुर्मास राहून अनुष्ठान केले अशी श्रद्धा आहे. समोर कृष्णेच्या पैलतीरी भुवनेश्वरीचे मंदिर आहे. घाटावरचे वडिलधारे लोक नदीकडे बघत नुसते बसतात. आजींनाही तसे वीस मिनिटे बसू द्यावे, घाई करू नये. त्या वेळात तुम्ही पाहुण्यांना घाटाच्या पायऱ्या दाखवू शकता, आणि २००५ व २०१९ च्या महापुरांत कृष्णाकाठाने काय सोसले हेही सांगू शकता, कारण नदीचे हे दुसरे रूप सांगितल्याशिवाय या काठाची ओळख अपुरी राहते. गुरुवार आणि पौर्णिमा मात्र टाळावी, त्या दिवशी गर्दीत अर्धा तास सहज जातो.

पलूसच्या शेजारी आमचे कुंडल आहे आणि थोडे पुढे किर्लोस्करवाडी. औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखाना आणि वसाहत उभी केली. ज्या स्थानकाला पूर्वी कुंडल रोड म्हणत त्याला पुढे किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले. त्याच औंध संस्थानात १९३९ मध्ये राजाने स्वतःहून कारभार प्रजेच्या हाती दिला. पुढे बेचाळीसच्या चळवळीनंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश राजवटीला न जुमानता जे प्रतिसरकार चालले त्याचे कुंडल हे मोठे केंद्र होते. जी. डी. बापू लाड यांची तुफान सेना, म्हणजे प्रतिसरकारचे लढाऊ दल, इथलीच. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रेल्वेगाडी अडवली गेली ती याच कार्यकर्त्यांनी. गावोगावी न्यायदान मंडळे चालत, कर्ज न काढता साधेपणाने गांधी विवाह लावले जात.

इथे एक गोष्ट पाहुण्यांना मी आवर्जून सांगितली असती. प्रतिसरकारच्या कार्यक्रमात दारूबंदी होती आणि कार्यकर्त्यांनी गावातले दारूचे गुत्ते बंद पाडले होते, कारण गरीब घरातली मजुरी तिथेच संपत असे. त्याच मातीत साठ वर्षांनी शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून सरकारने वाइन पार्क उभारले. माझे आजोबा तुफान सेनेत होते आणि माझ्या चुलतभावाने वाइनची द्राक्षे लावली होती. घरात यावरून वाद झाले, पण दोघांचीही तळमळ शेतकऱ्याचे घर वाचावे हीच होती. वायनरीच्या फाटकाशी पोहोचण्याआधी गाडीत एवढे सांगून झाले, तर पाहुण्यांना आपला भाग नाशिकपेक्षा वेगळा का आहे हे वेगळे समजावावे लागणार नाही.

सागरेश्वर अभयारण्य, तिथली प्राचीन मंदिरे आणि कुंडलच्या डोंगरावरील जैन तीर्थ मात्र या फेरीत घालू नयेत. ती पाहण्यासारखी आहेतच, पण त्यांना स्वतंत्र दिवस हवा आणि पायात बळ हवे.

मिरजकर यांचे उत्तर :

जेवणाबद्दल मला थोडे आग्रहाने लिहायचे आहे, कारण अशा सहलींत बाकी सगळे ठरवून जेवण मात्र वाटेवरच्या कोणत्याही ढाब्यावर उरकले जाते.

वाइन आणि आपले तिखट यांचे सहसा जमत नाही, असे मी अनुभवाने सांगते. लाल वाइनमधला तुरटपणा आणि मद्यार्क मिरचीची आग वाढवतात. खर्डा-भाकरीबरोबर शिराझ घेतली तर दोन्हींची चव जाते. त्याऐवजी थंड केलेली, किंचित गोडसर शेनिन ब्लां घेतली तर मसाल्याची धार बोथट होते आणि शेंगदाण्याचे कूट, तीळ, खोबरे घातलेल्या भरल्या वांग्याशी ती चांगली जुळते. आपल्याकडे कृष्णाकाठच्या वांग्यांचे एवढे कौतुक होते ते उगीच नाही. मळीच्या जमिनीतली ती वांगी शिजल्यावर लोण्यासारखी होतात आणि मसाला आतपर्यंत धरतात. लाल वाइन घ्यायचीच असेल तर ती इस्लामपूर भागात घरोघरी आणि ढाब्यांवर होणाऱ्या अख्ख्या मसुराबरोबर घ्यावी, पण तिखट कमी करायला सांगून. फेब्रुवारीत ओला हरभरा असतो, तेव्हा सोलाण्याची आमटी मिळाली तर कधीही सोडू नये.

चाखण्याआधी पोटात काहीतरी असावे. नुसते भाजलेले शेंगदाणे आणि ज्वारीची कडक भाकरी पुरते; भडंग मात्र तेव्हा नको, कारण त्यातला लसूण आणि तिखट जिभेवर रेंगाळतात आणि मग वाइनचा वास कळेनासा होतो. भडंगाचा पुडा गाडीत परतीच्या वाटेसाठी ठेवावा.

जेवण शक्यतो एखाद्या शेतकऱ्याच्या घरी किंवा गावातल्या छोट्या खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवावे. ज्या घरी तुम्ही बेदाण्याची शेड पाहणार आहात त्यांनाच विचारले तर बहुधा नाही म्हणणार नाहीत. मात्र हंगामात त्या घरातल्या बाया पहाटेपासून शेडवर असतात, म्हणून स्वयंपाकाचे पैसे ठरवून आणि मानाने द्यावेत; पाहुणचार म्हणून फुकट जेवू नये. गोड म्हणून नवा बेदाणा घालून केलेला शिरा सांगावा. आजींसाठी दूध-भाकरी आणि साधे वरण वेगळे सांगायला विसरू नका, माझ्या आईच्या वेळी मी ते विसरले होते आणि तिला उपाशी परतावे लागले होते.

आणखी एक. गाडी चालवणाऱ्याने चाखू नये. ओळखीचा चालक घ्यावा आणि त्याचे जेवणही सर्वांबरोबरच सांगावे.

विश्रामबागकर :

तुम्हा तिघांचे आभार मानायला शब्द अपुरे आहेत. कुंडलकर, तुमच्या घरातल्या दोन बाजू वाचून मी हे सगळे सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांच्या माहेरीही प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांना रात्री भाकरी बांधून देत असत, हे त्यांनी मला लग्नानंतर एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा सांगितले. आता गाडीत इतिहास त्याच सांगणार आहेत, असे ठरले आहे.

पलूसच्या एका वायनरीत दूरध्वनी केला. बुधवारी साडेअकराला वेळ मिळाली आहे. त्यामुळे सातला निघणे, तासगावचे मंदिर, साडेआठला शेड, दहाला औदुंबर आणि मग पलूस असा क्रम ठरवला आहे. सासूबाई म्हणतात की त्या आत येतील, टाक्या पाहतील, फक्त चाखणार नाहीत. दोन शंका उरल्या आहेत. शेडवर जाताना मालकासाठी काय न्यावे, आणि तिथून बेदाणा विकत घ्यायचा असल्यास चांगला कसा ओळखावा?

बागाईतदार :

ताई, काही आणू नका. फार तर शेडवरच्या मजुरांसाठी चहाबरोबर खाता येईल असे काहीतरी आणा, ते सर्वांना आवडते. सकाळी साडेआठची वेळ उत्तम आहे, कारण ऊन चढल्यावर काम थांबते आणि जाळीखाली उकडते.

बेदाणा घेताना मूठभर हातात घेऊन दाबावा आणि मूठ उघडावी. दाणे मोकळे झाले तर माल नीट वाळला आहे. गोळा होऊन राहिले तर ओल आहे आणि घरी ठेवल्यावर त्याला बुरशी लागेल. दाणा टपोरा, साल पातळ आणि देठ मोडलेला असावा. रंग फार चकचकीत पिवळा असेल तर धुरी जास्त झाली असण्याची शक्यता असते. नाकाशी नेल्यावर गंधकाचा उग्र वास आला तर तो घेऊ नये. थोडा हिरवट, थोडा तपकिरी असा मिश्र रंगाचा बेदाणा दिसायला साधा असतो, पण आमच्या घरी वर्षभर तोच खाल्ला जातो. शेडवरचा माल अजून धुऊन निवडलेला नसतो, म्हणून घरी नेल्यावर तो एकदा कोमट पाण्यातून काढून सावलीत पसरून वाळवावा आणि मगच डब्यात भरावा. पिशवी मात्र कापडी आणावी.